आमच्या घरचे मशीन आणि आयझॅक सिंगर

आपल्या मंडळाच्या शिवणवर्गात मी गेली अकरा वर्षे शिकवते आहे. दर जूनमध्ये नव्या मुली येतात, तेव्हा पहिल्या दिवशी कात्रीला हात लावू देण्याआधी मी त्यांना एक गोष्ट सांगत असे. अमेरिकेत सिंगर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांची पत्नी रात्रंदिवस हाताने शिवत बसे. तिचे डोळे दुखत, बोटे सुजत. ते पाहून सिंगर यांच्या पोटात कालवले आणि त्यांनी पत्नीसाठी शिवणयंत्र तयार केले. ही गोष्ट मी माझ्या शिवणाच्या बाईंकडून ऐकली होती आणि त्यांनी ती महात्मा गांधींच्या लिखाणात वाचली होती. गांधीजींना १९२४ साली कोणी विचारले की, आपण सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले आणि त्याच्या पोटी पत्नीविषयीची माया आहे असे सांगितले. तेव्हा गोष्ट काही ऐऱ्यागैऱ्याची नव्हे.

यंदा स्मरणिकेसाठी कोणा तरी नावाजलेल्या व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे मला सांगण्यात आले. इतर भगिनींनी जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई अगोदरच घेतल्या होत्या. मी सिंगर घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरे लावता येतात, पण अर्थ लागत नाही. म्हणून थोरल्या मुलीला म्हटले की तू वाचत जा आणि मला मराठीत सांगत जा. रात्री जेवणे आटोपल्यावर ती वाचू लागली. दोन रात्री बरे चालले होते. तिसऱ्या रात्री ती मध्येच थांबली आणि हे तुला सांगू का नको, असे म्हणू लागली. मी म्हटले, सांग. ऐकून माझी झोप उडाली.

भगिनींनो, मी अकरा वर्षे मुलींना सांगत आले ती गोष्ट खरी नाही. मग हा लेखच लिहू नये असे एकदा वाटले. पण त्या यंत्राने आमच्या घरात जे केले ते काही खोटे होत नाही. म्हणून दोन्ही लिहिते. कोणाला आवडो न आवडो.

आयझॅक मेरिट सिंगर याचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पिट्सटाउन या खेडेवजा गावी झाला. वडील जर्मनीतून आलेले. आठ भावंडांत हा शेंडेफळ. तो दहा वर्षांचा होता तेव्हा आईवडिलांचा घटस्फोट झाला. त्या काळी तिकडेही ही गोष्ट विरळाच. वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईशी याचे पटेना आणि बाराव्या वर्षी तो घर सोडून रॉचेस्टर गावी थोरल्या भावाकडे गेला. तिथे यंत्रे दुरुस्त करण्याच्या कारखान्यात हाताला वळण लागले. शाळा फारशी झालीच नाही. त्याला नीट लिहिता येत नसे असे म्हणतात. हे ऐकून मला, खरे सांगते, जरा बरे वाटले.

पण मन कारखान्यात नव्हते. त्याला वेड नाटकाचे. सहा फुटांहून उंच, आवाज खणखणीत, दिसायला देखणा. १८३० साली लग्न झाले, तेव्हा कॅथरीन नावाची ती मुलगी पंधरा वर्षांची होती. दोन मुले झाली, विल्यम आणि लिलियन. संसार चालवण्याऐवजी हा नाटक कंपन्यांमागे गावोगाव हिंडत राहिला. १८३६ साली बाल्टिमोर शहरी मेरी अ‍ॅन स्पॉन्सलर ही तरुण मुलगी भेटली. तिला लग्नाचे वचन दिले. आपण विवाहित आहोत हे त्याने तिला आधी सांगितलेच नाही. पुढे कळले तेव्हा ती परत जाण्याच्या पलीकडे गेली होती. अशा मुली आपल्याकडेही सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

१८३९ साली त्याने खडक फोडण्याचे एक यंत्र केले. त्या वेळी तिकडे मोठा कालवा खणणे चालू होते. यंत्राचा हक्क दोन हजार डॉलरला विकला गेला. इतके पैसे त्याने जन्मात पाहिले नव्हते. दुसऱ्या कोणी घर घेतले असते. याने नाटक मंडळी काढली आणि आपल्या मधल्या नावावरून तिला मेरिट नाव दिले. मेरी अ‍ॅन त्यात कामे करी. पाच वर्षे गावोगाव फिरून सगळे पैसे संपले आणि मंडळी ओहायोतल्या एका गावी अडकून पडली.

इथे थोडे थांबून माझी एक फजिती सांगते. आमच्या आईच्या मशीनवर सोनेरी अक्षरांत मेरिट असे लिहिलेले आहे. मी लहानपणी समजत असे की दहावीला मेरिट लिस्ट असते ना, त्यातले हे मेरिट; म्हणजे पहिल्या नंबरचे मशीन. मुलीने वाचून दाखवले तेव्हा उलगडा झाला की हे तर त्या माणसाचे नाव! बुडालेल्या नाटक कंपनीचे नाव आमच्या घरात तेहेतीस-चौतीस वर्षे रोज पुसले जात होते.

पोट भरण्यासाठी मग त्याने लाकडी अक्षरे कोरण्याचे यंत्र केले आणि १८४९ साली त्याचे पेटंट घेतले. न्यूयॉर्कला ते ठेवले होते तिथला बॉयलर फुटून यंत्राच्या ठिकऱ्या झाल्या. जॉर्ज झीबर नावाचा एक पुस्तकविक्या होता. त्याने भांडवल दिले म्हणून यंत्र पुन्हा उभे राहिले आणि १८५० साली दोघे ते घेऊन बोस्टनला आले. तिथे ऑर्सन फेल्प्स नावाच्या माणसाच्या कारखान्यात त्यांनी जागा घेतली. लाकडी अक्षरांना गिऱ्हाईक काही आले नाही. मात्र त्याच कारखान्यात दुसऱ्या कोणाची शिवणयंत्रे दुरुस्तीला येत. ती सारखी बिघडत. फेल्प्सने सिंगरला ती पाहायला सांगितली.

म्हणजे शिवणयंत्र सिंगरने शोधून काढले हेही खरे नाही. फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० सालीच एक यंत्र केले होते. पोटावर पाय येईल या भीतीने दुसऱ्या शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत एलियस हाउ याने १८४६ साली पेटंट घेतले होते. टोकाशी नाके असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारे शटल, अशी दोन दोऱ्यांची पक्की टीप त्यात होती. आणि बाईसाहेब, पत्नीचे कष्ट पाहून यंत्र सुचले ही गोष्ट या हाउची सांगतात. तो आजारी पडून घरी बसला होता, त्याची पत्नी शिवण करून घर चालवी, आणि तो खाटेवरून तिचा हात पाहत राही. पुढे तो नशीब काढायला इंग्लंडला गेला, तिथे फसला, आणि १८४९ साली रिकाम्या हाताने परतला तेव्हा ती क्षयाने मरणाला टेकली होती. यंत्राचे सुख तिला काही मिळाले नाही. गांधीजींच्या कानी ही गोष्ट सिंगरच्या नावावर गेली असावी, असा माझा तर्क आहे. यंत्रावर नाव सिंगरचे, म्हणून मायाही त्याचीच, असे कोणालाही वाटेल.

सिंगरने काय केले ते आता सांगते, कारण ते काही थोडके नव्हे. आणि हे आपल्या शिवणवर्गाच्या मुलींना चटकन समजेल. हाउच्या यंत्रात सुई वाकडी होती आणि ती आडवी चाले. कापड टाचण्यांवर उभे टांगावे लागे. तेवढा तुकडा शिवून झाला की कापड काढून पुन्हा टाचायचे. बाहीचा गोल, गळ्याचा वळसा शिवायचा तर जमणार कसे? बोस्टनच्या यंत्रात शटल गोल फिरत असे आणि दर फेऱ्याला दोऱ्याचा पीळ सुटे. सिंगरने सुई सरळ केली आणि वरून खाली चालवली. शटल मागे-पुढे जाणारे केले. कापड टेबलावर आडवे ठेवले, वरून दाबणारा पाय बसवला आणि खालून कापड पुढे सरकवणारे चाक लावले. सुईचा दांडा वर धरायला लांब हात केला, म्हणजे खाली कापड हवे तसे फिरवायला जागा मोकळी. आज आपल्या वर्गात जी मशीने आहेत त्यांच्याकडे पाहा. ठेवण तीच आहे.

हे सगळे झीबरकडून घेतलेल्या चाळीस डॉलरमध्ये आणि अकरा दिवसांत झाले. अकराव्या रात्री यंत्र जोडून पाहिले तर टीप बसेना. कारागीर कंटाळून निघून गेले. मध्यरात्री सिंगर आणि झीबरही निघाले आणि वाटेत फळ्यांच्या ढिगावर बसले. झीबर सहज म्हणाला की कापडाच्या वरच्या बाजूला दोऱ्याचे सैल फास राहतात, तुझ्या लक्षात आले का? तेव्हा सिंगरच्या डोक्यात प्रकाश पडला की सुईच्या दोऱ्याचा ताणच बसवायचा राहिला! दोघे परत धावले. ताण बसवला. पाच टाके नीट पडले आणि दोरा तुटला. पण पाच पुरेसे होते. वर सैल फास दिसला की ताण पाहा, हे मी दर वर्षी प्रत्येक मुलीला दहादा तरी सांगते. सिंगरलाही ते दुसऱ्याने सांगावे लागले, हे वाचून मला हसू आले. १२ ऑगस्ट १८५१ रोजी पेटंट मिळाले.

पेटंटपाठोपाठ हाउ दारात उभा राहिला. खटला चालला आणि १८५४ साली सिंगरला त्याला पंधरा हजार डॉलर द्यावे लागले. पुढे १८५६ साली सगळ्या मोठ्या कारखानदारांनी भांडण मिटवून आपापली पेटंटे एकत्र केली आणि दर यंत्रामागे हाउला ठराविक रक्कम मिळू लागली. तो श्रीमंत होऊन १८६७ साली वारला.

आता किमतीकडे येते. पहिल्या मशीनची किंमत सव्वाशे डॉलर होती. साधारण कुटुंबाची वर्षाची मिळकत पाचशेच्या आसपास. म्हणजे तीन महिने चूल बंद ठेवावी तेव्हा मशीन यावे. घेणार कोण? शिवाय पुरुषांचा समज असा की बायकांना यंत्र चालवता येणार नाही, बिघडवून ठेवतील. म्हणून कंपनीने दुकानांच्या काचेआड मुली बसवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्यांच्याकडून शिवून दाखवले. तरी १८५५ साली सगळी मिळून ८८३ यंत्रे खपली.

सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क नावाचा वकील होता. हप्त्याची युक्ती त्याची. १८५६ साली त्याने ठरवले की पाच डॉलर आधी द्यावे, मशीन घरी न्यावे आणि बाकी महिन्याच्या महिन्याला फेडावे. शेवटचा हप्ता मिळेपर्यंत मशीन कंपनीचे. जुने मशीन देऊन नवे घ्यायची सवलतही त्याच साली निघाली. त्या वर्षी २,५६४ यंत्रे खपली. एका वर्षात जवळजवळ तिप्पट! पुरुषाचा सदरा हाताने शिवायला चौदा तास लागत, तो मशीनवर सव्वा तासात होऊ लागला. तेव्हा शिवण घेणाऱ्या बाईचा हप्ता मशीनच फेडू लागले. हा हिशेब मला कोणी समजावून द्यावा लागला नाही. तो मी घरात पाहिला आहे.

माझे माहेर इचलकरंजीचे. वडील यंत्रमागावर कामाला. आईने १९९१ च्या दिवाळीत पायमशीन घ्यायचे काढले तेव्हा घरात कोणालाच ते पसंत नव्हते. रोखीने किंमत साडेचौदाशे. हप्त्याने आधी अडीचशे आणि पुढे शंभराचे तेरा, म्हणजे साडेपंधराशे. वडील म्हणत, जुने हातमशीन घे. आजी म्हणे, तेवढ्यात तीन-चार ग्रॅमचे मणी होतील, पोरीच्या लग्नाला उपयोगी पडतील. आई गप्प राहिली. तिने एका कागदावर गणित केले होते. त्या वेळी पोलक्याला शिलाई आठ रुपये. एकशे चौऱ्याण्णव पोलकी शिवली की मशीन आपले. रात्री दोन शिवली तर शंभर दिवस. तो कागद मशीनच्या ड्रॉवरमध्ये अजून आहे. शाई उडाली आहे, पण आकडे दिसतात.

पाच हप्ते गेले आणि वडील आजारी पडले. एप्रिल गेला, मे गेला. मे महिन्यात वडील वारले. जूनमध्ये दुकानाचा माणूस हातगाडी घेऊन दारात आला. दोन हप्ते थकले होते आणि कागदावर आईची सही होती, त्यामुळे त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही. पण साडेसातशे रुपये भरलेले, मशीन नेल्यावर तेही गेले असते. आईने चार दिवस मागितले. चाळीतल्या बायकांची भिशी होती. आईची पाळी मार्गशीर्षात होती. त्या बायकांनी दुसऱ्या दिवशी दुपारी बसून पाळी बदलली आणि पैसे आईच्या हातात दिले. त्यांतल्या एकीच्या घरी त्याच महिन्यात बाळंतपण होते, तरी ती बोलली नाही. तिचे नाव इथे छापणे तिला आवडणार नाही म्हणून लिहीत नाही.

तो महिना शाळा सुरू होण्याचा. आईने सगळ्या चाळीचे गणवेश घेतले. खाकी चड्ड्या, निळे स्कर्ट, पांढरे सदरे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीनचा आवाज येई. मी नुकतीच सातवी झाले होते. काज-बटण आणि तळदुमड करायला दुसरा हात हवा होता. मी आठवीला गेले नाही. धाकटे दोघे भाऊ गेले. मशीनने तुझी शाळा खाल्ली, असे मला कोणी कोणी म्हणतात. मला तसे वाटत नाही. मशीन नसते तर तिघांचीही सुटली असती. तरीपण जूनमध्ये निळ्या कापडाचा ताजा वास आला की अजून पोटात काहीसे होते, हेही लपवीत नाही.

शेवटचा हप्ता जानेवारी १९९३ मध्ये गेला. आजीचे मणी झाले असते तर? सोन्याचे मोल आज कितीतरी पटीने वाढले आहे, ते खरेच. पण ते मणी वडिलांच्या आजारपणात पहिल्या महिन्यात मोडले असते, हे आजीनेच नंतर कबूल केले. मशीनने दोन भावांचे शिक्षण, माझे लग्न आणि आजीचे औषधपाणी केले. आजवर त्याला सुया आणि तेल सोडले तर पाच-सहा वेळा चामड्याचा पट्टा, दोनदा बॉबिन केस आणि एकदा शटल, एवढेच लागले. सुई गल्लीतल्या कटलरीच्या दुकानातही मिळते. सुटे भाग एका मापाचे असावेत, कोणत्याही मशीनचा कोणत्याही मशीनला बसावा, ही गोष्ट तिकडे सगळ्याच कारखानदारांनी हळूहळू साधली. सिंगरच्या कंपनीला ते साधायला बरीच वर्षे लागली. आज एखादी वस्तू घेतली आणि दोन वर्षांनी तिचा भागच मिळेनासा झाला, असे किती वेळा होते ते प्रत्येकीने आपल्या घरात आठवून पाहावे.

आता ते सांगायचे राहिले ज्यासाठी मुलगी थांबली होती.

पैसा येऊ लागला तसा सिंगर एकेकाला दूर करू लागला. फेल्प्सचा हिस्सा विकत घेऊन त्याला बाहेर काढले. झीबर, ज्याने चाळीस डॉलर दिले, ज्याने सैल फास दाखवला, तो आजारी होऊन अंथरुणावर होता. डॉक्टरांच्या मते तू वाचणार नाहीस, असे सिंगरने त्याला सांगितले आणि सहा हजार डॉलरमध्ये त्याचा हिस्सा लिहून घेतला. झीबर बरा झाला. डॉक्टर तसे काही बोललेच नव्हते.

मेरी अ‍ॅनने त्याच्या नावाने चोवीस वर्षे संसार केला. दहा बाळंतपणे झाली. गरिबीत नाटकात उभी राहिली, लोक तिला सिंगरबाई म्हणूनच ओळखत. पहिल्या बायकोपासून सुटका झाली की लग्न करीन, हे त्याचे वचन. १८६० साली कॅथरीनशी घटस्फोट झाला. आता तरी, असे हिला वाटले असणार. लग्न झाले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू रस्त्यावर ती गाडीतून जात असता सिंगर दुसऱ्या गाडीत दुसऱ्याच बाईसह दिसला. ती भर रस्त्यात ओरडली. घरी आल्यावर त्याने तिला मारले. तिने पोलिसांत फिर्याद दिली, तेव्हा सगळे बाहेर आले. त्याच शहरात त्याची आणखी दोन बिऱ्हाडे होती, निरनिराळ्या नावांनी. एका घरी पाच मुले, दुसरीकडे एक मुलगी. पुढे १८६३ साली इझाबेला बॉयर या फ्रेंच तरुणीशी त्याने रीतसर लग्न केले. तिला सहा मुले झाली. दोन, दहा, पाच, एक आणि सहा, अशी चोवीस. मुलगी आकडे वाचत होती आणि मी बोटांवर मोजत होते.

या बोभाट्याने क्लार्क वैतागला. मशीन घ्यायचे तर घरातल्या बाईने नवऱ्याला पटवायचे, आणि कंपनीच्या धन्याची ही कीर्ती! १८६३ साली दोघांची भागीदारी मोडून नवी कंपनी केली. दोघांनी आपापले भाग ठेवले, पण कारभारातून सिंगर बाजूला झाला आणि युरोपात गेला. पॅरिसला राहिला, तिथे युद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडला आला आणि समुद्राकाठी पेन्टन गावी मोठा वाडा बांधू लागला. वाड्यात नाटकशाळाही होती, हे सांगायला नकोच. गावच्या गरीब मुलांना सणाला तो जेवू घाली, असेही लिहिलेले आहे. तेही सांगितले पाहिजे. वाडा पुरता व्हायच्या आधी, २३ जुलै १८७५ रोजी तो वारला.

मागे सव्वा कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता होती. इझाबेला आणि तिच्या मुलांना मोठा वाटा मिळाला. पहिला मुलगा विल्यम घटस्फोटाच्या वेळी आईच्या बाजूने उभा राहिला होता. त्याला पाचशे डॉलर. मेरी अ‍ॅनला बायको म्हणून काहीच नाही. ती कोर्टात गेली आणि शेवटी तडजोडीची रक्कम घेऊन बाजूला झाली. ज्या कंपनीने लाखो बायकांना शेवटचा हप्ता फेडला की मशीन तुमचे, असे लिहून दिले, तिच्या धन्याने या बाईचे फेडले नाही.

तो वारल्यावरही यंत्रे जगभर गेली. आपल्या देशात मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी त्यांचा व्यापार वाढवला. जुन्या घरांतून जी काळी, सोनेरी वेलबुट्टीची मशीने दिसतात, त्यांतली पुष्कळशी स्कॉटलंडच्या कारखान्यातून बोटीने आलेली. पुढे कोलकात्यात उषा मशीन होऊ लागले आणि मशीन म्हणजे फक्त सिंगर, असे राहिले नाही.

माझ्या मनाने बरेच दिवस वाद घातला. एकदा तर आईच्या मशीनवरची ती सोनेरी अक्षरे खरवडून काढावी असे मनात आले. आईला सांगितले. ती आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की त्या मेरी अ‍ॅनला स्वतःला शिवता येत होते का? मला माहीत नव्हते. आई म्हणाली, येत असते तर बरे झाले असते. मग ती पट्ट्याला हात लावून पाहू लागली, कारण तो पुन्हा सैल झाला आहे.

येत्या जूनमध्ये वर्गातल्या मुलींना मी हाउच्या पत्नीची गोष्ट सांगणार आहे, आणि मेरी अ‍ॅनचीही. अगोदरच्या अकरा वर्षांच्या ज्या मुली ही स्मरणिका वाचतील, त्यांनी आपली चूक दुरुस्त करून घ्यावी. चूक त्यांची नव्हे, माझी.

वर्गाला पाचवे मशीन लागणार आहे. मोटरचे नवे हप्त्याने घ्यायचे की जुने पायमशीन दुरुस्त करून घ्यायचे, हा विषय पुढच्या सभेत आहे. माझे मत जुन्याच्या बाजूने आहे. सुटे भाग मिळतात, वीज गेली तरी काम थांबत नाही, आणि मुलींना घरी बहुधा तेच वापरायचे असते. बहुमताने नवे ठरले तर माझी हरकत नाही. मात्र कागदावर सही करण्याआधी तो सभेत मोठ्याने वाचावा. आणि दोन हप्ते थकले तर काय, हे कलम कोणत्या पानावर आहे ते मला दाखवावे.